भिंतीतला शिंपला

गेल्या उन्हाळ्यात आजोळच्या घराची पश्चिमेकडची भिंत उतरवावी लागली. दोन पावसाळे तिच्यात पाणी मुरत होते आणि माजघराच्या अंगाला तिला चांगलेच पोट आले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत जुनी घरे जशी असतात तसेच हे घर आहे: जांभ्याचे चिरे, सांध्यांत चुना, वर कौले. गवंडी एकेक चिरा सुटा करून खळ्यात रचत होता आणि चिऱ्यांच्या मधून निघालेली चुन्याची ढेकळे पाटीत भरून मागच्या परड्यात टाकत होता. मला काही काम नव्हते, म्हणून मी ती ढेकळे हाताने फोडत बसलो होतो. त्यांतल्या एकात नखाएवढा पांढरा तुकडा निघाला. त्याच्यावर एकाबाहेर एक अशा बारीक गोलसर रेघा होत्या. भट्टीत नीट न भाजता तसाच राहून गेलेला तो शिंपला होता, आणि निदान ऐंशी वर्षे तरी तो दोन दगडांच्या मध्ये गप्प बसून होता.

आजी सांगत असे की तिच्या लहानपणी चुना ही बाजारातून आणायची वस्तू नव्हती. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी कालवांचे आणि तिसऱ्यांचे रिकामे शिंपले टोपल्यांनी वेचायचे, एक पावसाळा ते ढिगात धुऊन निघू द्यायचे, आणि मग लाकडाचा थर, त्यावर शिंपल्यांचा थर, त्यावर पुन्हा लाकूड अशी भट्टी लावायची. भाजून निघे ती चुनकळी. तिच्यावर पाणी ओतले की ती फुसफुसायची, उकळायची आणि फुटून तिचे पीठ व्हायचे. त्या खड्ड्याच्या जवळपास फिरकायची मुलांना सक्त मनाई असे. पुढे हे पीठ वाळूबरोबर मळण्यासाठी घाणी लागे. दगडी चाक आणि गोल चर असलेल्या अशा घाणी आपण किल्ल्यांवर पाहतो, छायाचित्र काढतो आणि बुरुजाकडे वळतो. मीही अनेकदा तसाच वळलो आहे.

त्या तुकड्याने मला आधी नेले ते मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, काचेच्या नळीतून तिच्यात फुंकर घालत राहायचे आणि ती दुधाळ झाली की वहीत निष्कर्ष लिहायचा: उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. एवढे लिहून आम्ही मोकळे होत असू. पण ती दुधाळ झाली म्हणजे नेमके काय झाले, हे तेव्हा कुणी विचारले नाही आणि आम्हालाही सुचले नाही. नळीत तरंगणारी ती पांढरी भुकटी कॅल्शियम कार्बोनेटची होती, म्हणजे जे शिंपल्यात असते, खडूत असते, संगमरवरात असते, तेच. चौदा वर्षांच्या पोरांच्या श्वासाचा तिथे डोळ्यांदेखत दगड झाला होता, आणि तो आम्ही मोरीत ओतून नळ्या धुऊन ठेवल्या. या वायूची विज्ञानाला ओळख झाली तीसुद्धा अशाच खटपटीतून. एडिंबरामध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७५०च्या दशकात मॅग्नेशियाच्या भुकटीवर आणि चुनखडीवर प्रयोग केले, भाजल्यावर या पदार्थांचे वजन घटते ते त्यांच्यातून एक ‘हवा’ निघून जाते म्हणून, हे तराजूने दाखवले, आणि तीच हवा आपल्या श्वासात आहे हे चुन्याच्या निवळीवर सिद्ध केले. घनपदार्थात बांधली गेलेली म्हणून त्यांनी तिला ‘स्थिर हवा’ म्हटले. मला हे नाव अजूनही आजच्या नावापेक्षा चांगले वाटते.

शंभर किलो शिंपले पूर्ण भाजले तर छप्पन्न किलो चुनकळी उरते आणि चव्वेचाळीस किलो वायू आकाशात जातो. म्हणजे शिंपला हा जवळजवळ अर्धा हवेचाच बनलेला असतो. हवेचा हिशेब असा लागला तरी उरलेल्या अर्ध्याचा प्रश्न राहतोच. कालवाने आपले घर बांधायला कॅल्शियम आणले कुठून? समुद्राच्या पाण्यातून, हे उत्तर बरोबर आहे, पण ते म्हणजे दुधाचा उगम विचारल्यावर डेअरीचे नाव सांगण्यासारखे आहे. समुद्रात ते नद्यांनी आणले आणि नद्यांना खडकांनी दिले. आमच्या खाडीच्या डोक्यावर चुनखडीचा डोंगर नाही. तिथे सह्याद्री आहे, आणि सह्याद्री काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्या काळ्याकभिन्न दगडाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा कॅल्शियम ऑक्साइडचा असतो, हे त्याच्याकडे पाहून कुणालाही खरे वाटणार नाही. आजीच्या पांढऱ्या भिंतीचे मूळ या काळ्या कड्यात आहे.

हा कडा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहून तयार झाला. एकावर एक थर साचत गेले आणि आजही घाटातून वर पाहिले की डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. पायरीसाठी असलेल्या एका स्वीडिश शब्दावरूनच भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणायची रीत पडली. घाटरस्त्याच्या कापात नीट पाहिले तर दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी एक विटकरी पट्टी दिसते. ती आहे जुनी माती. एक थर ओतला गेल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये एवढा काळ गेला की खालच्या दगडाची हवापाण्याने माती झाली, आणि मग तिच्यावर नवा लाव्हा पसरला. काही ठिकाणी या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्याकाठी ताडवर्गीय झाडे वाढली. नागपूरला मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाकळीच्या परिसरात अशाच थरांतून जीवाश्म गोळा केले, आणि या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख विपुल सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या तशाच थरांतून इवल्या बेडकांचे सांगाडे निघाले. मला यात बेडकांपेक्षा गोगलगायींचे अप्रूप अधिक आहे. लाव्हा नुकता कुठे निवला आहे, पुढचा यायचा आहे, आणि तेवढ्या अवधीत कुणीतरी त्या दगडातले कॅल्शियम पाण्यातून उचलून आपल्या पाठीवरचे घर बांधायला सुरुवातही केली आहे.

पण दगड आपले कॅल्शियम सुखासुखी सोडत नाही. पावसाच्या थेंबात हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होते. सोड्याच्या बाटलीतले आम्ल ते हेच, फक्त फार सौम्य. एवढ्या सौम्य आम्लाने उघडा कातळ झिजायला युगे लागतात. या कामाला वेग येतो तो जिवंत मदतनिसांमुळे, आणि त्यांतला पहिला आपल्या स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यात असतो. गोडा मसाला दळायला देण्यापूर्वी आजी दगडफूल निवडायची. एकेका तुकड्याच्या मागे चिकटलेली साल आणि कचरा काढून टाकायची आणि ‘याला ना मूळ ना पान, आणि वासाला बघ’ असे कौतुकाने म्हणायची. तिचे निरीक्षण अचूक होते. दगडफूल ही वनस्पती नव्हे. ती बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून मांडलेला संसार आहे. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते, आणि बुरशी आधार देते, पाणी धरते, शिवाय पायाखालच्या आधारातून खनिजे मिळवते. मसाल्यात येते ते दगडफूल बहुतेक झाडांच्या सालींवरून काढलेले असते, हे मान्य. पण त्याचे भाऊबंद घाटातल्या प्रत्येक कातळावर करड्या, पोपटी, शेंदरी चट्ट्यांच्या रूपाने बसलेले असतात. त्यांच्या बुरशीचे तंतू खडकाच्या कणांमधल्या फटींत शिरतात, ओले होऊन फुगतात आणि वाळून आक्रसतात, आणि त्यांच्यातून पाझरणारे ऑक्झॅलिक आम्ल खडकातल्या धातूंना एकेक करून ओढून काढते. वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढणारा हा जीव डोंगर खातो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फक्त वेगाची आहे.

त्याच्यामागून शेवाळ येते, गवत येते, कारवी येते, आणि खऱ्या अर्थाने मुळे येतात. देवळाच्या शिखरात रुजलेल्या पिंपळाने दगड हलवलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि त्यामुळे मूळ म्हटले की आपल्याला पाचर आठवते. मुळांचे मोठे काम मात्र त्यांच्या श्वासात आहे. मुळे श्वास घेतात, त्यांच्याभोवतीचे जिवाणू आणि बुरश्या पालापाचोळा कुजवताना श्वास घेतात, आणि त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट कार्बन डायऑक्साइड साठतो. आकाशातून पडताना जे पाणी नावापुरते आंबट होते ते मातीतून खाली उतरताना चांगलेच तिखट झालेले असते. डोंगराच्या पोटात, डोळ्यांआड, बेसाल्टचे चौकोनी तुकडे कडेने विरत जातात आणि कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तशा त्यांच्या पापुद्र्या सुटतात. त्यातून जो पिवळट भुसभुशीत मुरूम होतो तो आपण रस्त्यावर टाकायला उकरून आणतो. दगड आणि माती यांच्या मधली ती अवस्था आहे. तिथून सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून खाडीत जाते, आणि त्याच्या जोडीला बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला हवेतला कार्बनही जातो.

इथे हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. खडकातला कॅल्शियमचा एक अणू मोकळा करायला कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू खर्ची पडतात. समुद्रात कालव किंवा प्रवाळ त्या अणूचा शिंपला बनवते तेव्हा दोनांतला एक रेणू पुन्हा मोकळा होतो आणि एक शिंपल्यात अडकतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात हवेतला एक रेणू दगड होऊन बाजूला पडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाक-जोसेफ एबेलमेन यांनी १८४५ साली हे गणित मांडले होते. पण त्यांच्या हयातीत आणि नंतरही बराच काळ त्याच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही, आणि एका शतकानंतर ते नव्याने शोधावे लागले. बेसाल्टने खंडांच्या पृष्ठभागाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग व्यापलेला आहे. मात्र बेसाल्टसारख्या सिलिकेट (म्हणजे सिलिकायुक्त) खडकांच्या झिजेतून हवेतला जो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा बेसाल्टच्या खाती जातो असा भूरसायनशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्या लाव्हाने उसळताना हवेत प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड सोडला, त्याच लाव्हाचा दगड कोट्यवधी वर्षे पावसात भिजून तो परत घेत आला आहे. हवा तापली की पाऊस आणि झीज वाढते, झीज वाढली की हवेतला हा वायू घटतो आणि ती थंडावते. लाखो वर्षांच्या मापाने पाहिले तर पृथ्वीचे तापमान सांभाळणारा हा एक लगाम आहे, आणि त्याचे एक टोक मुळांच्या हातात आहे.

माझी गोष्ट थोडी सोयीस्कर आहे, हेही इथेच कबूल करायला हवे. समुद्रात पोचलेले कॅल्शियम तिथे सरासरी दहा लाख वर्षे फिरत राहते आणि सगळ्या महासागरांत मिसळून जाते. शिवाय दख्खनच्या पठाराचे बहुतेक पाणी गोदावरी आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे नेतात. तेव्हा माझ्या हातातल्या शिंपल्यातला अणू न् अणू आमच्याच डोंगरातला आहे, असा दावा मी करणार नाही. कालवे खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि त्या पाण्यात नदीचा वाटा असतो, एवढाच काय तो माझ्या बाजूचा पुरावा आहे.

खळ्यात रचलेल्या चिऱ्यांकडे पाहताना मला या गोष्टीची दुसरी बाजू दिसली, आणि खरे सांगायचे तर हा लेख त्या एका क्षणासाठी लिहिला आहे. जांभा म्हणजे काय? रत्नागिरीच्या सड्यांवरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरचा, जांभासुद्धा मुळात बेसाल्टच होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, बारमाही उष्मा आणि मातीतल्या जिवांचा अखंड श्वास, यांनी त्यातले जे जे विरघळण्यासारखे होते ते ते धुऊन नेले. कॅल्शियम गेले, सोडियम गेले, मॅग्नेशियम गेले. वाळूचा आत्मा असलेली सिलिकासुद्धा बरीचशी निघून गेली. मागे उरले ते न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम. त्या उरलेल्याचा सच्छिद्र, तांबडा दगड म्हणजे जांभा. स्कॉटिश वैद्य-सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारमध्ये तो विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. चिरेखाणीत तो तासायला मऊ असतो आणि वाऱ्यावर राहिला की कठीण होतो, हे आमच्या गावात कुणालाही लॅटिनवाचून ठाऊक होते.

म्हणजे भिंतीतला चिरा हा त्या काळ्या दगडातून सगळे निघून गेल्यावर मागे राहिलेला भाग, आणि दोन चिऱ्यांमधला चुना हा निघून गेलेला भाग. एक जागेवरून हलला नाही. दुसरा पाण्याबरोबर समुद्रात गेला, कालवाच्या पाठीवर बसला, ओहोटीला टोपलीत आला, भट्टीत भाजला गेला आणि घाणीत मळला गेला. मग कुणा गवंड्याने थापीने त्या दोघांना पुन्हा एकमेकांना चिकटवले. घर बांधणाऱ्याला यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त हाताशी असलेली दोन टोके घेतली होती.

चिऱ्याचा तांबडा रंगदेखील जिवंतांचीच देणगी आहे. तो गंज आहे, आणि गंज चढायला हवेत प्राणवायू लागतो. पृथ्वीच्या इतिहासाचा पहिला जवळजवळ निम्मा काळ हवेत प्राणवायू नव्हता म्हटले तरी चालेल. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जिवांनी सोडलेला प्राणवायू हवेत साठू लागला आणि त्यानंतरच जमिनीवर तांबडी माती दिसू लागली. अमेरिकी खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडले की आज ज्ञात असलेल्या खनिज-प्रजातींपैकी सुमारे दोन तृतीयांश या ना त्या प्रकारे जिवांमुळे, मुख्यतः त्यांनी सोडलेल्या प्राणवायूमुळे, अस्तित्वात आल्या. आपण समजतो की दगडांच्या जगात जीव उपरा आला. बरेचसे दगडच त्याच्यामागून आले आहेत.

या देण्याघेण्यात दगड कधी कधी हात वर करतो. सगळे धुऊन गेलेल्या सड्यावर पावसाळ्यात जी झाडे उगवतात त्यांना खायला फारसे काही उरलेले नसते. म्हणून सप्टेंबरात कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवरही सीतेची आसवे निळीजांभळी फुलतात ती कीटक पकडून. पाणथळ मातीतल्या त्यांच्या सूक्ष्म पिशव्या सूक्ष्मजीव गिळतात. दवबिंदूही पानांवरच्या चिकट थेंबांनी तेच करतो. हिंडायला आलेले लोक त्या फुलांना नाजूक म्हणतात. अशा जमिनीतून मिळेनासे झालेले नायट्रोजन-फॉस्फरस माश्यांच्या अंगातून वसूल करणारी ती चिवट जमात आहे.

घाट चढून पलीकडे गेले की याच बेसाल्टची वेगळी कहाणी होते, कारण तिथे पाऊसच नाही. साताऱ्याच्या पूर्वेला, नगर-सोलापूरकडे, पाचसहाशे मिलिमीटर पावसाला खडकातले कॅल्शियम समुद्रापर्यंत वाहून नेणे झेपत नाही. ते तिथेच राहते, आणि चिकणमातीची ती काळी, भेगाळणारी, पाणी धरून ठेवणारी भारी जमीन तयार होते, जिला शेतकरी नुसते ‘काळी’ म्हणतो. तिच्यात खणले की फूट-दोन फुटांवर चुनखडीचे पांढरे खडे लागतात. पाण्याने उचललेले कॅल्शियम आणि मुळांच्या श्वासातला वायू यांचा वाटेतच जमलेला तो दगड आहे. म्हणजे कोकणात शिंपल्याने समुद्रात जे केले ते देशावर मातीने स्वतःच्या पोटात केले, आणि तिकडच्या वाड्यांना लागणारा चुना या खड्यांतूनच भाजला गेला. काळीला जोडून येणारा शब्द आहे पांढरी, म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, हाडे आणि पडलेल्या घरांची माती साचून वस्तीची जमीन पांढुरकी झाली, आणि अशा ओसाड पांढरींची माती शेतकरी खत म्हणून काळीत नेऊन टाकत आले. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उकरून काढलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती अशाच पांढरीच्या टेकाडांत होती. मातीच्या घडणीत माणूस हाही एक जीव आहे, हे आपल्या भाषेने दोन रंगांत नोंदवून ठेवले आहे.

आणि खाली? दगडाच्या अगदी पोटात, जिथे मुळे पोचत नाहीत? १९६७च्या डिसेंबरातल्या भूकंपानंतर कोयनेच्या परिसरातले भूकंप हा अभ्यासाचा विषय झाला, आणि त्यासाठी अलीकडच्या काळात तिथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट, त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक. तिथून वर काढलेल्या खडकांच्या नळकांड्यांत जिवाणूंचा माग लागला. ऊन नाही, हवा नाही, जवळजवळ पाणीही नाही. तिथले जीव हायड्रोजन, लोह अशा खनिजजन्य गोष्टींवर गुजराण करत असावेत. मी यावर दीर्घ काळ विचार करून पाहिला आणि माझ्या कल्पनेला त्यात काही शिरता आले नाही. दगडफुलापर्यंत माझी मती चालते.

भिंत पुन्हा बांधायची कशात, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. गवंड्याचे म्हणणे सिमेंटच्या बाजूने होते आणि ते अडाणीपणाचे नव्हते: सिमेंट चार दिवसांत कठीण होते, मजुरी वाचते, चुन्यात काम करणारी माणसे आता मिळत नाहीत. सिमेंटसाठीसुद्धा शेवटी प्राचीन समुद्रातल्या जिवांची चुनखडीच भाजतात. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. एकूण आकडा वर्षाला पस्तीस अब्ज टनांच्या पुढे गेला आहे, तर खडकांची सगळी नैसर्गिक झीज मिळून वर्षाला जेमतेम एक अब्ज टन परत घेते. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंत या वायूचे साधारण ३१५ रेणू होते, आज ४२०हून अधिक आहेत. त्या आलेखाची रेघ सरळ चढत नाही. दर वर्षी उत्तर गोलार्धातली झाडे पालवली की ती थोडी खाली येते आणि पाने गळून कुजली की वर जाते, आणि त्या दातेरी चढावर जंगलांचा श्वास उघड दिसतो. हल्ली बेसाल्टची भुकटी शेतात पसरून ही झीज वाढवायचे प्रयोग भारतातही चालू आहेत. कल्पना रसायनाच्या दृष्टीने पक्की आहे आणि आपल्याकडे खडी क्रशरच्या आवारात अशा भुकटीचे ढीग पडलेले असतात. पण डोंगर फोडायला, दळायला आणि वाहून न्यायला डिझेल लागते, आणि शेतात पसरलेल्या भुकटीने नेमका किती वायू बांधला हे मोजणे कष्टाचे आहे. डोंगराला घाई करायला लावून आपला हिशेब मिटेल, असे मानायला माझे मन तयार होत नाही. क्रशरशेजारच्या पांढऱ्या पडलेल्या आंब्यांचे मोहोर मी पाहिले आहेत.

शेवटी भिंत चुन्यातच बांधली. त्यामागे पर्यावरणापेक्षा मामेभावाचा हट्ट जास्त होता. पानाच्या दुकानांना शिंपल्यांचा चुना पुरवणारा एक माणूस खाडीपलीकडे त्याला सापडला आणि प्रश्न मिटला. जुने चिरे तेच, चुना नवा. भट्टीत शिंपल्यांतून जो वायू सुटला होता तो आता भिंत हवेतून परत घेणार होती. ओला चुना सुकून कठीण होतो असे आपण म्हणतो, वास्तविक तो श्वास घेऊन पुन्हा शिंपला होतो, आणि जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत ही क्रिया पोचायला वर्षे लागतात. लाकडाचा धूर तेवढा हिशेबाबाहेर राहिला. मे महिन्यात माजघराला सफेदी झाली. पडवीची राहिली ती राहिलीच, आणि गणपतीच्या चार दिवस आधी कसाबसा तिच्यावरून एक हात फिरवला.

गौरी घरात आणताना वहिनीने रिवाजाप्रमाणे उंबऱ्यापासून माजघरापर्यंत भिंतींवर हळदीची बोटे उमटवली. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही, तरी पडवीत बोटे टेकवल्याबरोबर पिवळ्याचे तांबडे झालेले पाहून ती चमकली आणि कुंकवाचा हात तर लागला नाही ना म्हणून तिने बोटे निरखून पाहिली. मी माजघरात जाऊन पाहिले. मे महिन्यातल्या सफेदीवरची बोटे पिवळीच होती.